आजीचे सहस्रचंद्रदर्शन यंदा अधिक महिन्यात येते आहे: सोहळा कधी आणि कसा करावा?

दापोलीची नात

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, या वर्षी सहस्रचंद्रदर्शनाला, म्हणजे आयुष्यातल्या हजाराव्या पौर्णिमेला, पोचते आहे. तिची मुले, मुली, सुना, जावई, नातवंडे आणि पतवंडे मिळून आम्ही साठ-पासष्ट माणसे होतो. ठाणे, पुणे, नाशिक, बेंगळुरू आणि टोरोंटो इतक्या ठिकाणी विखुरलेलो आहोत, आणि आजोबांच्या तेराव्यानंतर सगळेच्या सगळे एका घरात पुन्हा कधी जमलेलो नाही. हा सोहळा दापोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरीच व्हावा, शहरातल्या एखाद्या सभागृहात नको, एवढ्या एका गोष्टीवर आम्हा सर्व भावंडांचे एकमत आहे. पुढे मात्र बऱ्याच अडचणी आहेत आणि त्यांसाठीच आपणा सर्वांचा सल्ला हवा आहे.

पहिली अडचण तारखेची आहे. आजीच्या आधार कार्डावर १ जून १९४५ ही जन्मतारीख आहे, पण ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख आहे हे घरात सर्वांना ठाऊक आहे. पणजीने सांगितलेली खूण वेगळी आहे: श्रावणातला मंगळवार होता, घरात थोरल्या काकूची मंगळागौर मांडलेली होती, नारळी पौर्णिमेला दोन दिवस राहिले होते आणि मोठी लढाई थांबल्याची बातमी गावात नुकतीच पोचली होती. एवढ्या खुणांवरून खरा दिवस काढता येईल का, आणि हजारावी पौर्णिमा नेमकी कोणती धरावी?

दुसरी अडचण अशी की आमच्या गुरुजींच्या अंदाजाने ती पौर्णिमा या वर्षीच्या अधिक ज्येष्ठात येते, आणि अधिक महिन्यात शांतीचा होम करायला ते तयार नाहीत. इकडच्या मुलांना मेअखेरीस सुट्टी असते, टोरोंटोच्या काकांच्या मुलांची शाळा मात्र जूनच्या शेवटी संपते, आणि तोपर्यंत कोकणात पाऊस लागलेला असतो.

तिसरी गोष्ट लिहिताना मला वाईट वाटते. आजोबा नसल्यामुळे आजीने पूजेला बसावे का, तिला सुवासिनींनी ओवाळावे का, असे प्रश्न नात्यातल्या दोन-तीन ज्येष्ठ मंडळींनी काढले आहेत, आणि ते आजीच्या कानावर गेले आहेत. तेव्हापासून ती ‘माझ्यासाठी एवढा खर्च कशाला, जेवण करा आणि मोकळे व्हा’ असे म्हणू लागली आहे. तिचे गुडघे दुखतात, ऐकू कमी येते, मधुमेह आहे. बुद्धी आणि स्मरणशक्ती मात्र आम्हा सर्वांपेक्षा तल्लख आहे. ज्यांनी घरी असे सोहळे केले आहेत त्यांनी कृपया अनुभवाने सांगावे.

पंचांगप्रेमी

ताई, तुमच्या पणजींनी सांगितलेल्या खुणा फार नेमक्या आहेत. जपानने शरणागती जाहीर केली ती १५ ऑगस्ट १९४५ रोजी, आणि त्या वर्षी, म्हणजे शके १८६७ मध्ये, श्रावणातली पौर्णिमा २३ ऑगस्टला, गुरुवारी होती. तिच्या दोन दिवस आधीचा २१ ऑगस्ट हा खरोखरच मंगळवार आहे. पौर्णिमेच्या आधी श्रावणातला आणखी एकच मंगळवार येतो, तो १४ ऑगस्टचा, पण त्या दिवशी युद्ध थांबल्याची बातमी गावात पोचणे शक्य नव्हते. वार, पौर्णिमा आणि बातमी या तिन्ही खुणा एकाच दिवशी जुळत असल्यामुळे २१ ऑगस्ट १९४५ हीच आजींची जन्मतारीख आहे असे मी निःशंकपणे म्हणेन. आजींच्या पिढीतल्या कितीतरी लोकांच्या दाखल्यांवर १ जून ही तारीख आढळते, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत आणि वय बसेल अशी तारीख मास्तर लिहून टाकत; तेव्हा कागदावरच्या तारखेचा या कामी विचार करू नये.

आता हजारावा चंद्र. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, म्हणून हजार चांद्रमासांना सुमारे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षे आणि साधारण दहा महिने लागतात. आजींनी पहिली पौर्णिमा जन्मानंतर दोनच दिवसांनी पाहिली, त्यामुळे पहिल्या पौर्णिमेपासून हजाराव्या पौर्णिमेपर्यंत ९९९ महिन्यांचेच अंतर मोजायचे आहे आणि त्यांचा दिवस थोडा अलीकडे येतो. घरच्या घरी मोजायचे असेल तर असे मोजा: ८० वर्षांचे बारा महिन्यांप्रमाणे ९६० महिने होतात, आणि त्या काळात २९ अधिक महिने आले, म्हणून १९४५ च्या नारळी पौर्णिमेला पहिली धरले तर २०२५ ची नारळी पौर्णिमा ९९० वी ठरते. तेथून पुढे बोटांवर मोजत गेले की ६ ऑक्टोबरची कोजागिरी ९९२ वी, या ३ मार्चची होळी पौर्णिमा ९९७ वी, २ एप्रिलची हनुमान जयंती ९९८ वी, १ मेची बुद्ध पौर्णिमा ९९९ वी आणि रविवार, ३१ मे २०२६ ची अधिक ज्येष्ठ पौर्णिमा हजारावी. तुमच्या गुरुजींचा अंदाज बरोबर आहे.

अधिक महिन्याविषयी दोन्ही बाजू समजून घ्याव्यात. विवाह, मुंज, वास्तुशांती यांसारखी मुहूर्ताची कर्मे आणि फळाच्या इच्छेने केलेली काम्य कर्मे त्या महिन्यात टाळण्याचा संकेत आहे, आणि सहस्रचंद्रदर्शन शांतीला बरेच याज्ञिक त्याच गटात धरतात. उलट दान, जप, पोथीवाचन, स्नान यांसाठी हाच महिना मोठा मानला जातो. लेक-जावयाला तेहतीस अनारशांचे वाण आपण याच महिन्यात देतो. वयोवस्था शांतींमध्ये साठाव्या वर्षी उग्ररथ, सत्तराव्या वर्षी भैमरथी, पंचाहत्तराव्या वर्षी ऐंद्री आणि ऐंशीनंतर सहस्रचंद्रदर्शन असा क्रम सांगतात, पण प्रत्यक्षात कुटुंबे सोयीचा दिवस पाहून ही शांती ऐंशी पूर्ण झाल्यापासून एक्याऐंशी पूर्ण होईपर्यंत केव्हाही करतात. तुमच्यापुढे ऑगस्टपर्यंतचा अवकाश आहे. अधिक महिना १७ मे ते १५ जून असा आहे. त्यानंतर निज, म्हणजे नेहमीचा, ज्येष्ठ लागतो आणि २१ जूनचा रविवार त्यातच येतो.

माझे मत असे आहे की होम आणि मेळावा यांची गाठ एकाच दिवशी बांधण्याचा हट्ट धरू नये. गणेशपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध, मुख्य देवतेची स्थापना, होम, अभिषेक, आज्यावलोकन हा सगळा विधी म्हटले तर चार-पाच तास चालतो. तो घरातल्या मोजक्या माणसांनी निज ज्येष्ठात शांतपणे करावा, आणि हजारावा चंद्र ज्या रात्री उगवेल त्या ३१ मेच्या संध्याकाळी सगळ्या कुटुंबाने आजींसमवेत खळ्यात बसून तो पाहावा. चंद्र पाहायला, दान करायला आणि ओवाळायला अधिक महिन्याची कोणतीही आडकाठी नाही. मेअखेरीस आकाशात ढग असू शकतात, पण जूनअखेरीच्या मानाने चंद्र दिसण्याची आशा पुष्कळ आहे.

निवृत्त परिचारिका

मी चाळिशीपासून निवृत्तीपर्यंत वृद्धांच्या शुश्रूषेचेच काम केले आहे आणि माझ्या सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन घरी केले आहे, म्हणून मी फक्त आजींच्या शरीराविषयी लिहिते.

अशा सोहळ्यात उत्सवमूर्तीचीच सर्वांत जास्त आबाळ होते. पहाटे उठवून न्हाऊ घालतात, नवी जड साडी नेसवतात, होमाच्या धुरात बसवतात, आणि मग नमस्काराची रांग सुरू होते. प्रत्येक जण वाकतो, काहीतरी बोलतो, छायाचित्र काढतो. त्यांना प्रत्येकाकडे मान वर करून पाहावे लागते, आणि जेवायला बसेपर्यंत दुपारचे अडीच वाजतात. मधुमेहाच्या रुग्णाने औषध घेऊन इतका वेळ उपाशी राहणे धोक्याचे आहे, कारण रक्तातली साखर एकदम उतरते आणि घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वागणे ही लक्षणे गर्दीत कोणाच्या लक्षातही येत नाहीत. म्हणून त्या दिवशीच्या गोळ्यांच्या आणि खाण्याच्या वेळा त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठराव्यात, आणि एका व्यक्तीने, शक्यतो आजींना जिचे ऐकायची सवय आहे अशा नातीने किंवा सुनेने, दिवसभर फक्त त्यांच्याजवळ राहावे. तिच्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. पहिले पान आजींचे वाढावे, आणि त्यांचे जेवण होईपर्यंत नमस्कार थांबवावेत.

मेअखेरीस कोकणात उकाडा आणि घाम असह्य असतो. म्हणून सगळा कार्यक्रम संध्याकाळी पाचनंतर ठेवावा, दुपारी आजींना माजघरात दोन तास झोपू द्यावे, आणि नेसायला त्यांच्या अंगवळणी पडलेली जुनी मऊ सुती साडी द्यावी. नवी साडी हवी असल्यास ती नुसती खांद्यावर घालावी. बसायला पाट नको. हात टेकायला दांड्या असलेली, गुडघ्याच्या उंचीची भक्कम खुर्ची हवी, म्हणजे त्यांना स्वतःच्या बळावर उठता येते.

औक्षणासाठी कणकेचे ८१ दिवे लावण्याची पद्धत फार सुंदर आहे, पण ते दिवे बंद खोलीत लावल्यास पंखे बंद करावे लागतात आणि काही मिनिटांतच वृद्ध माणसाचा जीव घाबरा होतो. दिवे उघड्या पडवीत किंवा खळ्यात, आजींपासून पाच-सहा हात अंतरावर मांडावेत आणि हातातल्या तबकात पाचच दिवे घेऊन ओवाळावे. पदराची टोके आणि धावणारी मुले यांच्याकडे लक्ष ठेवायला दोन मोठी माणसे नेमावीत.

तुला, म्हणजे आजींच्या वजनाइतके दान, करण्याचा विचार असेल तर आजींना टांगलेल्या पारड्यात बसवू नका. तोल गेला तर या वयात खुब्याचे हाड मोडते आणि माणूस अंथरुणाला खिळतो. साध्या वजनकाट्यावर त्यांचे वजन घ्यावे आणि तेवढ्या वजनाचा गूळ, तांदूळ किंवा पुस्तके दुसऱ्या बाजूला मांडून संकल्प सोडावा. दानाचे मोल त्याने तिळभरही कमी होत नाही. ध्वनिक्षेपक तर अजिबात लावू नये. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला मोठा आवाज म्हणजे नुसता गोंगाट असतो. एका वेळी एकाने, समोर बसून, तोंड दिसेल असे सावकाश बोलावे.

कोकणातली सासुरवाशीण

ताई, तुमचा तिसरा प्रश्न वाचून मला राहवले नाही. तारीख आणि व्यवस्था यांच्याआधी त्याचा निकाल लावा, कारण आजी ‘खर्च नको’ असे का म्हणू लागल्या हे तुम्ही स्वतःच त्याच्या आधीच्या वाक्यात लिहिले आहे. हा सोहळा त्यांनी पाहिलेल्या हजार पौर्णिमांचा आहे, आणि त्या पौर्णिमा त्यांनी स्वतः पाहिल्या आहेत. त्यासाठी शेजारी पती असलाच पाहिजे अशी अट घालणे मला अन्यायाचे वाटते. दांपत्य असेल तर दोघांनी पूजेला बसावे, नसेल तर एकट्याने बसावे किंवा मुलगा-सुनेने आईच्या नावाने संकल्प करून तिला शेजारी मानाने बसवावे, अशी पद्धत मी माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे पाहिली आहे, आणि दोन्ही घरी गुरुजींनी त्याला हरकत घेतली नाही.

तुमचे गाव दापोली तालुक्यातले आहे, म्हणून आणखी एक आठवण करून देते. मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला तेव्हा मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. त्याच कर्व्यांना वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, देशाने भारतरत्न दिले. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. नात्यातल्या ज्येष्ठांना हे सांगताना वाद घालू नका. घरातल्या थोरल्या मुलाने, म्हणजे बहुधा तुमच्या वडिलांनी किंवा थोरल्या काकांनी, ‘आमच्या आईला आम्ही सर्व जण ओवाळणार आहोत आणि आपण आशीर्वाद द्यायला यावे’ एवढेच निमंत्रणाच्या वेळी स्पष्टपणे सांगावे. नातीने सांगितलेले ते कदाचित ऐकणार नाहीत, थोरल्या मुलाने सांगितलेले ऐकतील. ओवाळायला सुनांबरोबर मुलगे, जावई आणि नातूही उभे राहिले तर सुवासिनींचा प्रश्न उरतच नाही.

तारखेविषयी एक सूचना. होम निज ज्येष्ठात करायचा असेल तर २९ जूनची पौर्णिमा मात्र कटाक्षाने टाळा, कारण त्या दिवशी वटपौर्णिमा आहे. घरातल्या सगळ्या सुना नटूनथटून वडाच्या पूजेला जातील आणि ज्यांचा सोहळा आहे त्याच घरात एकट्या मागे राहतील. तसे होता कामा नये. पंचांगप्रेमींनी सुचवलेला २१ जून चांगला आहे.

आणि आजींच्या माहेरचे कोण आहे, याचा तुमच्या पत्रात कुठेच उल्लेख नाही. ऐंशी वर्षांच्या बाईच्या सोहळ्यात सासरची साठ माणसे आणि माहेरचे एकही माणूस नाही, असे फार वेळा घडते. भाऊ नसतील तर भाचे असतील, बहीण असेल, लहानपणची एखादी मैत्रीण असेल. माहेरचा आहेर, मग तो साधा खण-नारळ का असेना, त्यांच्या ओटीत पडला पाहिजे. त्यांना आधी विचारा की तुम्हाला कोणाला भेटायचे आहे, आणि निमंत्रणाची यादी तेथून सुरू करा.

दापोलीची नात

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री आजीला दूरध्वनी करून जन्मतारखेचा उलगडा सांगितला. ‘आई मंगळवार म्हणायची तो खरा ठरला तर’ असे म्हणून ती पुष्कळ वेळ पणजीविषयी बोलत राहिली. मग कोणाला भेटायचे आहे असे मी विचारले, तेव्हा तिने क्षणाचाही विलंब न लावता धाकट्या बहिणीचे नाव घेतले. त्या गुहागर तालुक्यात असतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, आणि दोघींची भेट आजोबांच्या दिवसांतच झालेली शेवटची. आम्ही कोणीही ही गोष्ट लक्षात घेतली नव्हती.

बाबांशीही बोलले. निमंत्रणे ते आणि थोरले काका स्वतः करणार आहेत आणि ओवाळण्याविषयी तेच स्पष्ट बोलतील. आता ३१ मेला मेळावा आणि २१ जूनला घरापुरता होम, अशा विचारापर्यंत आम्ही आलो आहोत. टोरोंटोच्या काकांचा प्रश्न तेवढा शिल्लक आहे, आणि इतक्या माणसांचा संध्याकाळपर्यंतचा वेळ कसा जाईल हाही.

गुहागरचा प्रवासी

बहिणीला आणण्याची काळजी करू नका. चिपळूण-खेडमार्गे रस्त्याने आणायचे ठरवले तर त्यांना फार मोठा वळसा पडेल आणि घाटातल्या वळणांनी त्या थकतील. त्याऐवजी धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवावी. वाशिष्ठीची खाडी थोड्या वेळात ओलांडून गाडी थेट दापोली तालुक्यात उतरते आणि त्यांना गाडीतून उतरावेही लागत नाही. सोहळ्याच्या आदल्या दिवशीच त्यांना आणा आणि पुढे आठ दिवस तरी ठेवून घ्या. साठ माणसांच्या गर्दीत दोन बहिणींना एकमेकींशी चार शब्दही बोलता येणार नाहीत. त्यांची खरी भेट सगळे परत गेल्यावर होईल.

मुंबई-ठाण्याच्या मंडळींनी खेड स्थानकापर्यंत कोकण रेल्वेने यावे. आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधीच उघडते, म्हणजे मेअखेरीच्या गाड्यांसाठी मार्चच्या शेवटच्या दिवसांत सकाळी आठला तयार राहावे लागेल. परतीची तिकिटे त्याहून अवघड असतात, कारण सुट्टीला गावी आलेले सगळे चाकरमानी त्याच सुमारास परततात. होमाला येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पावसाळी वेळापत्रक लागले की गाड्या सावकाश धावतात आणि वेळा बदलतात.

नाशिकची आत्या

माझ्या आईचा असाच मेळावा आम्ही गेल्या वर्षी केला, म्हणून ‘वेळ कसा जाईल’ या प्रश्नाचे उत्तर देते. करमणुकीचे कार्यक्रम बाहेरून आणू नका. तुमच्या आजींचा जन्म मंगळागौरीच्या दिवशीचा आहे, तेव्हा आदल्या संध्याकाळी खळ्यात घरातल्या बायका-मुलींनी झिम्मा, फुगड्या आणि मंगळागौरीची गाणी म्हणावीत, आणि गाण्याची पुढची ओळ अडली की ती आजींना विचारावी. त्या वयाच्या कोकणातल्या बाईला जात्यावरच्या ओव्या आणि खेळांची गाणी पाठ नाहीत असे सहसा होत नाही, आणि नव्या पिढीत ती कोणाकडेही उरलेली नाहीत. कोणीतरी एकाने भ्रमणध्वनीवर नीट ध्वनिमुद्रण करावे. समोर झाकपक करणारे चित्रण नको, त्याने म्हातारी माणसे बुजतात. शेजारी वहीत शब्द लिहून घ्यावेत, कारण पुढे ऐकताना निम्मे शब्द कळत नाहीत.

भेटवस्तू म्हणून शाली आणि चांदीच्या वाट्या देऊ नका, त्या कपाटात पडून राहतात. आजींच्या जुन्या लुगड्यांची आणि सुती साड्यांची एक गोधडी शिवून घ्या, आणि प्रत्येक घराने आपल्या घरातल्या एका जुन्या वस्त्राचा तुकडा तिच्यात घालावा. हाताने गोधडी शिवायला महिना-दोन महिने लागतात, म्हणून कापड आताच गोळा करा. आमच्या आईने ती पांघरली तेव्हा हा तुकडा कोणाचा, तो कोणाचा, असे विचारण्यात तिचा सगळा आठवडा आनंदात गेला.

जेवणाबद्दल फारसे सांगत नाही. मेअखेर आहे, हापूस संपत आला असला तरी रायवळ आणि फणस असतील, आचाऱ्याला सोलकढी सौम्य करायला सांगा आणि आजींसाठी मऊ भात-वरण वेगळे काढून ठेवा. खर्चाची वाटणी मात्र भावाभावांतच करू नका. लेकींनाही बरोबरीचा वाटा उचलू द्या, आईच्या सोहळ्यात आम्हाला पाहुणे म्हणून बसवले की मनाला लागते. ज्याची ऐपत कमी असेल त्याच्याकडून पैसे न घेता एखादे काम घ्यावे, आणि कोणी किती दिले हे थोरल्या काकांशिवाय कोणालाही कळू नये.

टोरोंटोच्या मुलांना ३१ मेला येता येत नसेल तर त्यांना दूरदृश्य संवादावर गर्दीच्या वेळी जोडून काही साधणार नाही, आजींना त्यातले काही ऐकूही येणार नाही. त्यांनी जुलैच्या आरंभी यावे आणि पंधरा दिवस आजींजवळ राहावे. तिथून येणाऱ्या माणसांना एका दिवसाच्या सोहळ्यापेक्षा ते अधिक मिळेल, आणि आजींनाही मेळावा संपल्यानंतर वाट पाहायला काहीतरी राहील. मोठ्या समारंभानंतर घर एकदम रिकामे झाले की आमची आई चार दिवस जेवली नव्हती. तुमच्याकडे बहीण आणि नंतर ही मुले अशी सोबत आधीच ठरवून ठेवा.

दापोलीची नात

टोरोंटोच्या काकांना आत्याबाईंचे उत्तर जसेच्या तसे पाठवले. ते ४ जुलैच्या सुमारास मुलांना घेऊन येणार आणि मुले महिनाभर गावी राहणार असे त्यांनी आजच कळवले आहे. काकू स्वतः मात्र ३१ मेसाठी एकट्या येत आहेत.

आजी पूजेला स्वतः बसणार की शेजारी बसणार, हे तिने अजून सांगितलेले नाही. आम्ही तिच्यावर सोडले आहे. तुलेसाठी तिने तांदूळ निवडला आहे, आणि तो गावातल्या शाळेच्या मुलांना जेवणासाठी द्यावा असे तिचे म्हणणे आहे. मात्र शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणून तांदूळ होमाच्या दुसऱ्या दिवशी, २२ जूनला, पोचवायचा आहे. गोधडीसाठी सर्व घरांकडून कापड मागवले आहे. दापोली किंवा खेड परिसरात हाताने गोधड्या शिवणाऱ्या बायकांचा गट कोणाला माहीत असल्यास कृपया येथेच कळवावे.